वॉशिंग मशीनचा बोर्ड आणि दुरुस्तीव्रती गृहस्थ

मराठी मध्यमवर्गीय घरात वॉशिंग मशीन बंद पडते तेव्हा कारणाचा शोध सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो, आणि तो बहुधा एकच असतो : बोर्ड गेला. गच्चीवरच्या टाकीत पाणी नसो, नळीला पीळ पडलेला असो, झाकण नीट बसलेले नसो किंवा भिंतीवरचे बटण कोणी बंद केलेले असो, घरातील प्रत्येक सदस्य स्वतंत्रपणे विचार करून याच निष्कर्षाला येतो, कारण ड्रम, पाइप आणि झाकण हे भाग रोज डोळ्यांसमोर असतात आणि बोर्ड मात्र कोणी पाहिलेला नसतो. जो बैठकीला हजर नाही त्याच्या माथी दोष मारावा, हा कुटुंबसंस्थेचा जुना रिवाज यंत्राच्या बाबतीतही पाळला जातो. बोर्डाची बाजू मांडणारे कोणी नसल्यामुळे त्याच्यावरचा खटला एकतर्फी चालतो आणि शिक्षाही ठरलेली असते : ‘बदलावा लागेल’. या शिक्षेविरुद्ध अपील करून, दिवाणखान्यातील टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून, तो बोर्ड स्वतःच्या हाताने दुरुस्त करू पाहणारी जी व्यक्ती जवळपास प्रत्येक इमारतीत एखादी तरी आढळते, तिला प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘दुरुस्तीव्रती’ म्हटले आहे; उपास, जागरण, सोवळेओवळे आणि उद्यापनाचा खर्च ही व्रताची चारही अंगे या उद्योगात असल्यामुळे ही संज्ञा अतिशयोक्तीची ठरू नये.

बोर्ड, म्हणजेच पीसीबी, ही काचतंतू किंवा कागद राळेत मुरवून केलेली पातळ पाटी असते; तिच्यावर तारांऐवजी तांब्याच्या चपट्या रेषा असतात आणि त्या रेषांवर लहानमोठे विद्युत भाग सोल्डरने, म्हणजे सहज वितळणाऱ्या कथिलाच्या मिश्रधातूने, बसवलेले असतात. पॉल आयस्लर या मूळच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील जोडणीचा रेडिओ तयार केला, तेव्हा आपल्या या कल्पनेवर पुढे साबणाचे पाणी आणि झुरळे यांच्या शेजारी राहण्याची पाळी येईल, असे त्याच्या मनातही आले नसावे. भारतीय घरांत आधी रुळलेल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनला असा बोर्ड लागत नसे. त्याचा टायमर मुठीने पिळायचा, तो टिकटिकत उलटा फिरायचा आणि वेळ संपली की कर्कश आवाज करून थांबायचा, एवढाच त्याचा संसार होता. तो अडला तर त्याला थोडे पुढेमागे केले की काम भागत असे आणि त्या पुढेमागे करण्यालाच घरात तांत्रिक ज्ञान म्हणत. फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आले आणि ही सत्ता मायक्रोकंट्रोलर नावाच्या काळ्या चौकोनी चिपकडे गेली. ही चिप स्वतः जेमतेम पाच व्होल्टवर जगते, परंतु ट्रायक नावाच्या तीन पायांच्या अर्धवाहक स्विचला तिने नुसती खूण केली की तो २३० व्होल्टचा प्रवाह मोटरकडे, पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हकडे किंवा पाणी सोडणाऱ्या ड्रेन मोटरकडे सोडून देतो. धाकट्याने खूण करावी आणि थोरल्याने निमूटपणे उठावे, ही व्यवस्था घरात किंवा कचेरीत दुर्मिळ असली तरी बोर्डावर एका धुलाईत शेकडो वेळा घडते, आणि ती घडेनाशी झाली की सगळे घर धाकट्याला बोल लावते.

वास्तविक बोर्डाला निर्दोष ठरवणारा पुरावा पुष्कळदा यंत्राबाहेरच पडलेला असतो. मशीनमध्ये पाणी सारखे भरतच राहते, ही तक्रार घ्या. अशा वेळी भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे. वीज तोडल्यावरही पाणी येत राहिले तर दोष व्हॉल्व्हच्या आतल्या रबरी पडद्याचा असतो, कारण विजेशिवाय बोर्डाला कोणताही गुन्हा करता येत नाही. बटण बंद करताच पाणी थांबले तर मात्र व्हॉल्व्हचा ट्रायक शॉर्ट झाल्याचा, म्हणजे तो कायमचा चालूच राहिल्याचा, संशय रास्त ठरतो. पण तेव्हाही आधी प्रेशर सेन्सरची नळी पाहावी लागते. ही बोटापेक्षा बारीक नळी ड्रमच्या तळापासून वर जाते, पाणी चढले की तिच्यात कोंडलेली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून पाण्याची पातळी बोर्डाला कळते. नळीला चीर पडली की हवा निसटते, ड्रम काठोकाठ भरला तरी तो रिकामाच असल्याची वर्दी बोर्डाकडे जात राहते आणि बोर्ड बिचारा मिळालेल्या माहितीनुसार इमानेइतबारे आणखी पाणी मागवतो. चुकीच्या अहवालावर योग्य निर्णय घेणाऱ्याला जबाबदार धरू नये, असा संकेत प्रशासनात असला तरी न्हाणीघरात तो चालत नाही.

पाणी येतच नाही, ही तक्रारही अशीच फसवी असते. व्हॉल्व्ह नीट उघडण्यासाठी पाण्याला थोडा दाब लागतो आणि तो टाकी यंत्रापेक्षा पुरेशी उंच असल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे अगदी वरच्या मजल्यावर, टाकीच्या थेट खाली राहणाऱ्या कुटुंबाचा बोर्ड तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या बोर्डापेक्षा अधिक वेळा ‘जातो’. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने व्हॉल्व्हच्या तोंडची जाळी क्षारांनी बुजते तेव्हाही बोर्डच जातो आणि ती जाळी दात घासण्याच्या जुन्या ब्रशने साफ केली की तो परत येतो. मोटर नुसती गुणगुणते किंवा एकाच दिशेला फिरते, ही तक्रार मात्र बोर्डाच्या दारापर्यंत जाऊ शकते, कारण वरून झाकण उघडणाऱ्या बऱ्याच यंत्रांत मोटर उजवीकडे फिरवण्यासाठी एक आणि डावीकडे फिरवण्यासाठी दुसरा असे दोन ट्रायक असतात आणि त्यांतला एक गेला की यंत्राचे निम्मे शहाणपण जाते. ‘चार दिवस झाले, एकाच अंगाला फिरतंय बघा’, हे निदान कपडे वाळत घालायला येणाऱ्या मावशींनी आधीच केलेले असते. परंतु त्या वेळी गृहस्थ कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर संगीत ऐकत असल्यामुळे त्याची नोंद होत नाही.

उत्पादकांनी निदानाची सोय केलेली नाही असे नाही. यंत्राच्या छोट्या पडद्यावर दोन अक्षरी संकेत उमटतात आणि बऱ्याच ब्रँडमध्ये ते थोड्याफार फरकाने सारखे असतात : आयई म्हणजे पाणी आत येत नाही, ओई म्हणजे पाणी बाहेर जात नाही, यूई म्हणजे कपडे एका बाजूला गोळा होऊन ड्रमचा तोल गेला आहे. या संकेतांचा खुलासा करणारी पुस्तिका गॅसची कागदपत्रे, विम्याच्या पावत्या आणि मुलांच्या लसीकरणाची कार्डे यांच्या समवेत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सुरक्षित ठेवलेली असते आणि ती पिशवी कोठे आहे हे सोडून घरातल्यांना तिच्याविषयी सर्व काही माहीत असते. पुस्तिका सापडेपर्यंत संकेताचे स्वैर अर्थ लावले जातात, आणि ओई वाचून यंत्र कोणाला तरी हाक मारीत आहे असे मानणारा एक पक्ष घरोघरी असतो. येथे एक तार्किक मुद्दा ध्यानात घ्यायला हवा. पूर्ण मेलेला बोर्ड स्वतःच्या निधनाची बातमी देऊ शकत नाही. त्यामुळे पडद्यावर कोणतीही अक्षरे दिसत असतील तर बोर्ड निदान बोलण्यापुरता शुद्धीवर आहे आणि दुसऱ्या कोणाची तरी तक्रार सांगत आहे, असाच अर्थ बहुतेक वेळा निघतो. तरीही अक्षरे दिसली की ‘बघ, बोर्ड गेल्याचं लिहूनच आलंय’ असे म्हटले जाते, आणि निरोप आणणाऱ्यालाच आरोपी करण्याची ही पद्धत इतकी जुनी आहे की तिच्याविरुद्ध बोलण्यात अर्थ नाही.

असे असले तरी बोर्ड खरोखर मरतात, आणि त्यांच्या मरणाची कारणे भारतीय गृहजीवनाशी निगडित आहेत. पहिले कारण न्यूट्रल तुटण्याचे. इमारतीला वीज तीन फेजमधून मिळते आणि परतीची न्यूट्रल तार सर्वांना सामाईक असते. ती कोठे सैल होऊन तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी मालिकेत जोडली जातात, ज्या फेजवर गीझर आणि एसी चालू आहेत तिथला दाब उतरतो आणि ज्या फेजवर एखादाच पंखा फिरतो आहे तिथला दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू लागतो. म्हणजे उधळ्यांचे दिवे मंद होतात आणि काटकसरी माणसाचे यंत्र जळते. अर्थशास्त्राने या घटनेकडे अद्याप लक्ष दिलेले नाही. अशा वेळी बोर्डाच्या दाराशी व्हॅरिस्टर नावाची, बहुधा निळ्या रंगाची, रुपयाएवढी चकती पहाऱ्यावर असते. तिच्यावर ४७१ असा आकडा असेल तर तो ४७ वर एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्ट, असा वाचायचा असतो. दाब त्या हद्दीकडे चढला की ही चकती स्वतः शॉर्ट होऊन सगळा प्रवाह अंगावर घेते, त्यामुळे फ्यूज उडतो आणि मागचा परिवार वाचतो. व्हॅरिस्टर आणि फ्यूज मिळून पंचवीस-तीस रुपयांचा ऐवज असतो. त्यांनी यंत्रासाठी प्राण दिल्यानंतर संपूर्ण बोर्डच भंगारात काढला जातो, ही त्यांच्या हौतात्म्याची क्रूर थट्टा म्हटली पाहिजे.

दुसरे कारण प्राणिशास्त्रीय आहे. वरून कपडे टाकायचे यंत्र खालून बहुधा उघडे असते आणि आत ऊब, अंधार व एकांत ही तिन्ही सुखे असल्यामुळे उंदराला ते पसंत पडते. तारांवरचे आवरण कुरतडण्याची त्याला वाढत्या दातांमुळे गरजच असते. पाल ही उंदराइतकी उपद्रवी नाही, पण तिला दोन सोल्डरच्या टोकांवर एकाच वेळी पाय ठेवण्याची दुर्बुद्धी होते आणि मग पाल व बोर्ड यांचा शेवट एकाच क्षणी होतो. झुरळांचा दोष सौम्य असून तो मुख्यत्वे अस्वच्छतेचा आहे. या सर्वांवर पावसाळा आणि किनारपट्टीवरची खारी हवा यांचा हात फिरतो, तांब्याच्या रेषांवर हिरवट पूड धरते आणि गणपतीच्या आधी, नेमके पडदे धुवायला काढले असताना, यंत्र अवसान गाळते.

अशा वेळी येणारा तंत्रज्ञ सभ्य, घाईत असलेला आणि पाठीवर सॅक घेतलेला असतो. तो यंत्राचे बटण दाबतो, कान देतो, मागचे दोन स्क्रू सैल करून आत टॉर्च मारतो आणि मोबाइलवर काहीतरी पाहून म्हणतो, ‘साहेब, बोर्ड गेलाय. तीन-चार हजारांच्या पुढंच जाईल, शिवाय मागवायला लागेल.’ बोर्ड खोलून त्यातला एकच भाग बदलणे त्याच्या कामात बसत नाही, कारण कंपनीच्या हिशेबात बोर्ड हाच सर्वांत लहान भाग असतो. त्याच्या पोटात काही असते हे तत्त्वतः कोणाला मान्य नसते. यानंतर तो अत्यंत आपुलकीने जुने यंत्र देऊन नवे घेण्याची योजना सांगतो. गृहिणीचे डोळे त्या योजनेने चमकतात आणि त्याच क्षणी गृहस्थाच्या मनात व्रताचा संकल्प होतो. दुरुस्तीची प्रेरणा ज्ञानलालसेतून येते असे समजणाऱ्यांनी या क्षणाचा अभ्यास केलेला दिसत नाही.

बोर्ड बाहेर काढणे सोपे असते. वरच्या पॅनेलचे स्क्रू काढावेत, जोडण्यांचे फोटो घ्यावेत आणि खटक्यांची प्लॅस्टिकची डोकी एकेक दाबून सोडवावीत. ही डोकी आकाराने आणि रंगाने इतकी भिन्न असतात की ती चुकीच्या जागी बसत नाहीत, त्यामुळे घेतलेल्या फोटोंचा उपयोग मुख्यतः मित्रमंडळींना पाठवण्यासाठी होतो. खरी परीक्षा पुढे आहे. दमटपणा आणि वर सांगितलेले प्राणी यांच्यापासून रक्षण व्हावे म्हणून बऱ्याच यंत्रांतला बोर्ड एका प्लॅस्टिकच्या तबकात ठेवून त्यावर पॉलियुरेथेनची किंवा सिलिकॉनची राळ ओतलेली असते; या क्रियेला पॉटिंग म्हणतात. ही राळ थिजली म्हणजे खरवसाच्या वडीसारखी मऊ, किंचित लवचिक आणि अर्धपारदर्शक दिसते, तिच्यातून रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारे स्विच, आणि कपॅसिटर यांची डोकी तेवढी वर आलेली असतात आणि बाकीचा मजकूर आत धूसर दिसतो. तिचा तुकडा अंगठ्याच्या नखाने उचलू गेल्यास तो नेमका भाताच्या शिताएवढाच सुटतो. दुरुस्तीव्रती मग हेअर ड्रायरने राळ तापवतो, लाकडी कोरणीने ती खरवडतो आणि सुटलेल्या कणांची रास वर्तमानपत्रावर, अग्रलेखाच्या बाजूला, जमवीत जातो. लोखंडी टोक वापरले तर राळेबरोबर तांब्याची रेषाही निघून येते, म्हणून घाई करता येत नाही. हेअर ड्रायर कोणाचा, तो कोणाला विचारून घेतला आणि त्याला आता जळका वास का येतो, हे प्रश्न याच सुमारास उपस्थित होतात आणि पुढील चौकशीला कौटुंबिक वळण लागते.

येथे विनोद थोडा बाजूला ठेवून धोक्याविषयी लिहिणे भाग आहे. घरातील २३० व्होल्ट हा सरासरी काढलेला आकडा आहे. त्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि बोर्डावरचा मुख्य कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा नळकांड्याच्या आकाराचा भाग, त्या शिखराइतका भरतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ भरलेला राहू शकतो, म्हणून त्याला रेझिस्टरमधून रिकामा करून मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय बोर्डाला बोट लावू नये. दुसरा धोका अधिक कपटी आहे. मोबाइलच्या चार्जरमध्ये पाच व्होल्टची बाजू विजेच्या मुख्य तारेपासून अलग केलेली असते, परंतु वॉशिंग मशीनच्या पुष्कळ बोर्डांत तशी अलगता नसते. ट्रायकला खूण करणे सोपे जावे म्हणून पाच व्होल्टची रेषा थेट मुख्य तारेलाच जोडलेली असते. म्हणजे मीटरवर दिसणारे पाच व्होल्ट हे जमिनीपासून मोजलेले नसून २३० व्होल्टच्या खांद्यावर बसून मोजलेले असतात, आणि त्यांना किरकोळ समजून हात लावणाऱ्याला हा फरक कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर समजतो. ज्याला हे वाक्य वाचून पुरेसा बोध झाला नाही त्याने बोर्ड बाजारातल्या कारागिराकडे द्यावा आणि त्याबद्दल कमीपणा मानू नये.

बाजारातल्या कारागिरांची एक साधी युक्ती मात्र घरोघरी पोहोचण्यासारखी आहे आणि तिला सिरीज दिवा म्हणतात. संशयित बोर्डाला वीज थेट न देता वाटेत साठ किंवा शंभर वॉटचा तारेचा बल्ब जोडतात. बोर्ड शॉर्ट असेल तर सगळा दाब बल्बवर येऊन तो लख्ख पेटतो आणि बोर्ड वाचतो. बोर्ड ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो, कारण तेवढ्या वेळात कपॅसिटर भरून झालेला असतो. म्हणजे येथे प्रकाश ही अशुभवार्ता आणि अंधार हा शुभशकुन मानायचा असतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या कुटुंबीयांना हे आधी सांगितले नाही तर दिवा पेटताच टाळ्या वाजतात. अडचण एवढीच की या कामाला एलईडी दिवा चालत नाही आणि तारेचा बल्ब आता घरांतून नाहीसा झाला आहे. एके काळी ज्या वस्तूशिवाय स्वयंपाकघर अंधारात राही, ती मिळवण्यासाठी आता माळा, आजोळ आणि बंद पडलेले किराणा दुकान असा प्रवास करावा लागतो.

निदानाचे सर्वांत जुने साधन नाक आहे. जळालेल्या रेझिस्टरचा तिखट वास आणि फुटलेल्या कपॅसिटरचा मासळीसारखा दर्प अनुभवी माणसाला यंत्र उघडण्याआधीच ओळखता येतो. त्यानंतर डोळ्यांची पाळी. कपॅसिटरच्या डोक्यावर मुद्दाम फुलीसारखी खाच ठेवलेली असते, आतला द्रव तापून वायू झाला की टोपी तिथून फुगते, आणि सपाट माथ्याचा कपॅसिटर घुमटाकार दिसू लागला की त्याला कामावरून काढायचे. हा द्रव आटण्याचा हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. बाल्कनीत उन्हात ठेवलेले यंत्र आणि न्हाणीघरात सावलीत ठेवलेले यंत्र यांच्या वयात जो फरक पडतो त्याचे गमक येथे आहे. फुगलेला कपॅसिटर नसेल तर भिंग घेऊन रिलेच्या पायांशी पाहावे. पिळणीच्या वेळी ड्रम मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतो, त्या थरथरीने आणि तापण्या-निवण्याने पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल भेग पडते; कारागीर तिला ड्राय सोल्डर म्हणतात. ती भेग सापडल्यावर दुरुस्तीव्रतीला जो आनंद होतो तो वाटून घेणारे घरात कोणी नसते, कारण भिंग आजोबांचे असते आणि आजोबांचे वर्तमानपत्र आधीच टीपॉयवर राळेखाली गेलेले असते.

भाग कळला की बाजार आला. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी त्या नावाने विचारल्यास कपॅसिटर मिळायला उशीर होतो, ही या व्रताची तीर्थक्षेत्रे होत. तिथल्या काउंटरवरचा विक्रेता वस्तू हातातही न घेता नुसत्या नजरेने ‘चारशे सत्तर, पंचवीस व्होल्ट’ असे म्हणतो आणि पुढे फक्त एकच प्रश्न विचारतो : ‘किती देऊ, शंभर?’ एकच हवा आहे असे सांगताना गिऱ्हाइकाचा आवाज आपोआप खाली येतो. विकत घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा, व्होल्टचा आकडा तोच किंवा थोडा जास्त घ्यावा आणि ८५ अंशांऐवजी १०५ अंश छापलेला निवडावा, एवढे पथ्य पुरते. पण दुरुस्तीव्रती एका कपॅसिटरसाठी जातो आणि सोल्डरिंग गन, हिट-श्रिंक ट्यूब, दोन मल्टिमीटर आणि कशासाठी तरी लागतील असे पाच रिले घेऊन येतो. बोर्डाच्या किमतीशी तुलना करायची झाल्यास हा खर्च तिच्यात धरू नये, असा त्याचा आग्रह असतो.

सोल्डर मारण्याच्या कलेविषयी येथे थोडक्यात लिहिणे पुरे. जुने कथिल-शिशाचे सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळते. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून विद्युत वस्तूंतील शिशावर निर्बंध आणल्यानंतर कारखान्यांत रुळलेल्या बिनशिशाच्या सोल्डरला २१७ अंशांच्या पुढे जावे लागते, त्यामुळे पंचवीस वॉटचे घरगुती सोल्डरिंग आयर्न जाड रेषेवर टेकवले की सोल्डर वितळण्याऐवजी माणूस घामाघूम होतो. थोडे शिशाचे सोल्डर वरून मिसळले की हा हट्ट नरम पडतो. राळेत बुडालेल्या बोर्डाच्या मागच्या बाजूला पोहोचता येत नसेल तर जुन्या कपॅसिटरचे नुसते अंग पकडीने फोडून काढतात, त्याचे दोन पाय उभे ठेवतात आणि नवा कपॅसिटर त्या पायांनाच जोडतात. ऋण बाजूची पट्टी ऋण पायाला येते आहे ना, हे दोनदा पाहून. उलटा जोडलेला कपॅसिटर प्रथम शांत राहतो, आणि ती शांतता फसवी असते.

या सर्व खटाटोपाला अलीकडे राजाश्रयही मिळू लागला आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात घरगुती उपकरणांचा समावेश केला. युरोपीय संघाचा नियम त्याहून तपशीलवार आहे. १ मार्च २०२१ पासून तिथल्या वॉशिंग मशीन उत्पादकांना ते मॉडेल विकणे थांबल्यानंतरही किमान दहा वर्षे सुटे भाग पुरवावे लागतात. मात्र त्या नियमाने भागांची दोन गटांत वाटणी केली आहे : दार, बिजागऱ्या, रबरी सील, साबणाचा खण हे सामान्य ग्राहकालाही मिळाले पाहिजेत, आणि बोर्ड मात्र व्यावसायिक दुरुस्तीकारालाच. गृहस्थाच्या हाती साबणाचा खण द्यावा पण बोर्ड देऊ नये, या निर्णयाप्रत ब्रुसेल्समधील अधिकारी कोणत्या अनुभवाने आले असतील, हे जगभरातील गृहिणींना वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

जोडणी पूर्ण झाल्यावर एक स्क्रू उरतो. तो का उरतो याची उपपत्ती अद्याप समाधानकारक नाही. एका मतानुसार तो मुळात कारखान्यातच जास्तीचा टाकलेला असतो, आणि हे मत नेहमी तो उरवणाऱ्याचेच असते. त्यानंतर चाचणी. पहिली धुलाई रिकाम्या ड्रमची होते, तिला घरातील सर्व मंडळी अंतर राखून उपस्थित असतात आणि मुख्य बटणाजवळ सर्वांत चपळ सदस्याला उभे केले जाते. दिवे लागतात, पाणी येते, ड्रम दोन्ही अंगांना फिरतो, आणि तरीही कोणी दुरुस्तीव्रतीचे अभिनंदन करीत नाही, कारण मुळात बोर्ड गेलाच नव्हता असे मत आता बहुमताने तयार झालेले असते. यंत्रावरचा विश्वास कपड्यांच्या उतरंडीने परत येतो. आधी पायपुसणी जातात, मग फरशी पुसण्याची फडकी, मग खुद्द दुरुस्तीव्रतीचे बनियन आणि पायजमे. त्यांतून पाण्याव्यतिरिक्त काही निष्पन्न झाले नाही तर चादरी, आणि चादरी पिळून निघाल्या तर रोजच्या साड्या. शाळेच्या गणवेशाचा क्रम सर्वांत शेवटी लागतो, कारण त्याबद्दल सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी उत्तर द्यावे लागते आणि तिथे ट्रायकची सबब चालत नाही.